करार फेब्रुवारीत संपला, भाडेकरू चांगले आहेत आणि मी झोपेत होते

तिसरामजला
८ जून २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पाचेक वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझे दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. ऐकायला भारदस्त वाटतं, पण मी साधी नोकरदार बाई. परवा बँकेतल्या मुलाने 'इन्व्हेस्टर मॅडम' म्हटलं तेव्हा मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतोय म्हणून.

पहिला कर्वेनगरचा. वडिलांनी १९९६ साली घेतलेला वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिथे एक चौकोनी कुटुंब चार वर्षं राहतंय. भाडं १७,०००, डिपॉझिट ५०,०००. पाच तारखेला पैसे जमा म्हणजे जमा. नळ गळला तर स्वतःच प्लंबर बोलावतात आणि मला बिलाचा फोटो पाठवतात. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना कराराची फाइल हाती लागली. पाहते तर करार फेब्रुवारीतच संपलेला! ना त्यांच्या लक्षात, ना माझ्या. नवीन करूया म्हटलं तर त्या घरातल्या वहिनी म्हणतात, "ताई, कशाला तो खर्च, आपलं घरचंच तर आहे." भाडं वाढवायचं म्हटलं तर पाचशेच्या वर सरकत नाहीत.

दुसरा पुनावळ्याचा टू बीएचके. २०१९ ला सगळं धरून ५८ लाखांना घेतला. कर्ज ४४ लाख, हप्ता ३८,०००, भाडं २४,०००. तिथलं जोडपं महिनाअखेर बंगळूरला चाललंय. परवा घर बघायला गेले. स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या भिंतीवर त्यांनी सागवानी देव्हारा ठोकलाय. टाइल्सना चार भोकं आणि एकीला कोपऱ्यापासून तिरका तडा. दोन दुकानं पालथी घातली, दोन्हीकडे एकच उत्तर, "मॅडम, तो लॉट कधीच बंद झाला." म्हणजे दोन टाइल्सपायी अख्खी भिंत. डिपॉझिटमधून किती कापायचे?

तिथे यायला आयटीतली तीन मुलं तयार आहेत, २७,००० देतायत. पण सोसायटीच्या ऑफिसातून सांगितलं की बॅचलर असतील तर महिना १,५०० जास्त आणि वर कमिटीची एनओसी.

आणि टॅक्सचं मला ओ की ठो कळत नाही. आयकराच्या नवीन रेजिममध्ये (दर कमी, वजावटी कमी) आहे, एवढंच ठाऊक.

---

खडूसकाका
९ जून, सकाळी ६:१५

विकून टाका पुनावळ्याचा. २४ हजार घेता आणि ३८ हजार भरता. याला आमच्या वेळी धर्मादाय म्हणत.

बाकी चालू द्या.

---

कोर्टाचीपायरी
९ जून, सकाळी ९:०५

ताई, मी वकील नाही. सासऱ्यांच्या एका भाडेकरूपायी अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेवढंच माझं शिक्षण. त्या जोरावर सांगतो, बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी कर्वेनगरचा करार करा. याच महिन्यात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ही जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. यापायी कोणी तुरुंगात गेल्याचं मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याने घाबरू नका. घाबरायचं ते त्याच कलमातल्या दुसऱ्या ओळीला. नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोटं ठरवण्याचं ओझं तुमच्यावर. तुमच्या वहिनी चांगल्या आहेत, मान्य. आमचा भाडेकरूही चांगला होता. दिवाळीला सासूबाईंना फराळाचं ताट यायचं. त्याचा भाऊ गावाहून येऊन राहिला आणि तिथून चित्र बदललं.

याउलट करार नोंदवलेला असेल तर कलम २४ कामाला येतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दिवाणी दावा लावायला लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई. हे दुप्पटचं कलम भाडेकरूला करारातच वाचून दाखवावं. आवाज न चढवता.

लोकांच्या डोक्यात दोन गोष्टी घट्ट बसल्यात, त्याही सांगतो.

एक, 'अकरा महिन्यांचाच करार करायचा, म्हणजे नोंदणी लागत नाही'. ती सवय केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आली. तिथे एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळे अकरावर थांबायचे. आपल्याकडे कलम ५५ मुळे अकरा काय नि पाच काय, नोंदवायलाच लागतो. मग दर वर्षी कशाला धावपळ? लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

दोन, 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं'. नाही. तो तुमच्या परवानगीने राहतोय, त्याला प्रतिकूल ताबा, म्हणजे मालकाच्या परवानगीविना ठेवलेला ताबा, म्हणत नाहीत. ही भीती जुनी आहे आणि ती अगदीच हवेतून आलेली नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने एका फटक्यात भाडेकरूचं संरक्षण दिलं होतं. ज्यांची घरं तेव्हा अडकली त्यांनी पुढच्या पिढीला सांगितलं, 'घर कुलूप लावून ठेव पण भाड्याने देऊ नकोस.' आमच्या आळीत असे तीन बंद वाडे मी लहानपणी पाहिलेत.

---

तिसरामजला
९ जून, दुपारी १:२०

बापरे. पायरीदादा, मनापासून आभार. खर्च साधारण किती येईल? वहिनींना आकडा सांगायला बरा पडेल.

---

हिशेबनीस
९ जून, रात्री ८:५०

मी सांगतो. समजा २४ महिन्यांचा करार. पहिलं वर्ष १८,०००, दुसरं १९,०००. एकूण भाडं २,१६,००० + २,२८,००० = ४,४४,०००. डिपॉझिटवर १० टक्के दराने व्याज धरायचं असतं, ५०,००० वर दोन वर्षांचं १०,०००. बेरीज ४,५४,०००. यावर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे १,१३५. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन केलंत तर कागद हाताळणीचे ३०० अजून. अडीच हजारांच्या आत झालं सगळं. एजंट घरी येऊन करतो त्याचे पैसे वेगळे. दोन वर्षांत वाटलंत तर महिन्याला शंभर रुपये. निम्मे तुम्ही घाला, निम्मे त्यांनी. शंभराच्या निम्म्यासाठी वहिनी भांडणार नाहीत.

भाडेवाढीचं. पाचशेवर अडू नका असं माझं मत. १७ हजारांचं घर एक महिना रिकामं पडलं तर १७ हजार गेले, वर रंग, वर दलाली. हजार रुपये वाढीच्या हट्टापायी चांगलं कुटुंब गेलं तर ते भरून यायला दोन-अडीच वर्षं लागतात. पण दुसऱ्या वर्षाची वाढ करारातच लिहून टाका. तोंडी वाढ दर वर्षी नव्याने मागावी लागते आणि दर वर्षी आपल्यालाच लाज वाटते.

आता टॅक्स. पुनावळ्याचं आधी. भाडं २४,००० × १२ = २,८८,०००. मालमत्ता कर प्रत्यक्ष भरला असेल तर वजा, १२,००० धरू. राहिले २,७६,०००. त्यातून सरळ ३० टक्के वजा, म्हणजे ८२,८००. यासाठी एकही पावती लागत नाही, आणि म्हणूनच मेंटेनन्स, रंगकाम, प्लंबर यांची वेगळी वजावट मागता येत नाही. राहिले १,९३,२००. कर्जाचं व्याज तुमच्या आकड्यांवरून यंदा ३,१५,००० च्या आसपास असणार. म्हणजे तोटा १,२१,८००. जुन्या रेजिममध्ये असा तोटा पगारातून वळता करता येतो, वर्षाला दोन लाखांपर्यंत. नवीन रेजिममध्ये पगाराला हात लावता येत नाही.

पण एका घराचा तोटा दुसऱ्या घराच्या उत्पन्नातून वजा होतो, नवीन रेजिममध्येसुद्धा. कर्वेनगर: २,०४,००० वजा कर ९,००० = १,९५,०००, त्याचे ३० टक्के वजा करून १,३६,५००. त्यातून १,२१,८०० काढा. करपात्र राहिले फक्त १४,७००. दोन घरं एकमेकांना सांभाळतायत.

---

तिसरामजला
९ जून, रात्री ९:३०

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे!

---

डॅलसकर
१० जून, सकाळी ७:५५

फ्रिजवर लावायच्या आधी एक विचारू का? कर्वेनगरचा फ्लॅट वडिलांनी घेतलेला म्हणालात. आज कोणाच्या नावावर आहे?

---

तिसरामजला
१० जून, दुपारी २:१०

बाबा २०२१ ला गेले. आई त्यांच्या आधीच. नॉमिनेशन माझ्या नावाचं होतं, त्यावरून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवलं. इच्छापत्र नाही. भाऊ कॅनडात असतो. तो म्हणतो, तूच बघतेस सगळं, भाडंही तूच घे. करार मी एकटीनेच केला होता. का?

---

कोर्टाचीपायरी
१० जून, दुपारी २:४५

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ताई. नॉमिनी म्हणजे सांभाळणारा. इच्छापत्र नसेल तर निम्मा फ्लॅट भावाचा आहे, तो मागो न मागो. आज तो प्रेमाने सोडतोय, कागदावर मात्र काहीच नाही. उद्या विकायला निघालात तर गिऱ्हाइकाचा वकील पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारेल.

त्याला खरंच सोडायचं असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. वारसांमध्ये मोबदला न घेता केलं तर मुद्रांक नाममात्र लागतो. त्याला येता येत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवू शकतो. इथे आल्यावर त्यावर मुद्रांक लावून घ्यायला विसरू नका.

---

डॅलसकर
१० जून, रात्री ११:३०

पायरीदादांनी सांगितलंच. आता माझं दुखणं. माझा औंधला फ्लॅट आहे, मी इथे टेक्सासात. परदेशस्थ मालकाला भाडं देताना भाडेकरूने टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच सरकारला परस्पर भरायचा कर, कापायचा असतो, ३१.२ टक्के, आणि त्याला किमान रकमेची मर्यादाच नाही. देशातल्या मालकाचं गणित वेगळं. तिथे साध्या माणसाला महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तरच कापावा लागतो, तोही ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. माझ्या भाडेकरूला मात्र टॅन (कर कापणाऱ्याला लागणारा नंबर) काढा, दर महिन्याला चलन भरा, तिमाहीला विवरण भरा. गेल्या वर्षी दोन जणांना घर पसंत पडलं होतं. 'टॅन' म्हटल्यावर दोघांनी फोन उचलणं बंद केलं. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण त्यालाही दर वर्षी अर्ज. भाडं सहसा एनआरओ खात्यात (परदेशस्थांचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घेतलं जातं.

भावाचा निम्मा वाटा कायम ठेवलात तर हे सगळं त्याच्या निम्म्या भाड्याला लागू होईल. हक्कसोड करून घ्या, ताई. नातंही शाबूत राहील आणि तुमच्या त्या चौकोनी कुटुंबाला टॅन काढावा लागणार नाही.

---

हिशेबनीस
११ जून, सकाळी ८:००

हे मला आधीच विचारायला हवं होतं, चूक माझी. हक्कसोड होईपर्यंत कर्वेनगरचं निम्मंच उत्पन्न तुमचं, म्हणजे ६८,२५०. तेव्हा १२१,८०० पैकी ५३,५५० चा तोटा लटकत राहतो आणि पगारातून तो वजा होत नाही. फ्रिजवरचा कागद काढा.

आणि अजून एक, विचारायला जरा अवघड. कर्वेनगर पुणे महापालिकेत. स्वतः राहणाऱ्या मालकाला तिथे मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे. वडिलांच्या वेळची सवलत बिलावर अजून चालू आहे का?

---

तिसरामजला
११ जून, सकाळी ९:१२

...आहे.

---

खडूसकाका
११ जून, सकाळी ९:१५

धागा आता रंगात आला. चहा घेऊन बसतो.

---

हिशेबनीस
११ जून, सकाळी १०:४०

काका, हसू नका, निम्म्या पुण्याचं हेच असेल. ताई, सवलत राहणाऱ्या मालकाला आहे, भाड्याने दिलेल्या घराला नाही. नोंदवलेला भाडेकरार सरकारदरबारी असताना बिल मात्र 'स्वतःच्या वापरात' म्हणतंय, हे फार दिवस लपत नाही, आणि मग फरक मागच्या तारखेपासून येतो. सवलत गेली की ६० चे १०० होतात, म्हणजे बिल दोन तृतीयांशाने वाढतं. ९,००० चे १५,०००. वाईट वाटतं, पण भाडं ठरवताना खरा आकडा हा. भरलेला कर ३० टक्के वजावटीच्या आधी वजा होतो, तेवढंच समाधान.

काकांचा मुद्दा मात्र टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. पुनावळ्याची आजची किंमत काय असेल?

---

तिसरामजला
११ जून, दुपारी १:०५

शेजारचा ७५ ला गेला.

---

हिशेबनीस
११ जून, रात्री ९:२०

मग बघा. वर्षाचं भाडं २,८८,०००. मेंटेनन्स तुम्हीच भरता ना? ३,२०० धरला तर ३८,४००. मालमत्ता कर १२,०००. एक महिना रिकामा, २४,०००. रंग-दुरुस्ती सरासरी १५,०००. दलाली अर्धा महिना, १२,०००. हातात राहिले १,८६,६००. ७५ लाखांवर हे अडीच टक्के. कर्जाचा दर साडेआठ. काका चुकीचं बोलत नाहीत.

विकलंत तर टॅक्सचा बाऊ करू नका. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला देशात राहणाऱ्या माणसाला दोन पर्याय आहेत. १२.५ टक्के, महागाईची सूट (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची) न घेता. किंवा २० टक्के, सूट घेऊन. पहिल्या पर्यायात १७ लाख नफ्यावर २ लाख १२ हजारांच्या वर जातं. दुसऱ्यात, २०१९-२० चा महागाई निर्देशांक २८९, २०२५-२६ चा ३७६. ५८ लाखांचे होतात सुमारे साडेपंच्याहत्तर. म्हणजे नफाच उरत नाही, टॅक्स शून्य. पण याचा दुसरा अर्थही ऐका. सहा वर्षांत तुमचं घर महागाईइतकंच वाढलं. त्यात तुम्ही दर महिन्याला खिशातले १४ हजार आणि मेंटेनन्स घालत होतात.

---

खडूसकाका
१२ जून, सकाळी ६:०५

आकडे बोलतात. मी गप्प.

---

तिसरामजला
१२ जून, रात्री १०:१५

काका, आकडे पटले. तरी लगेच विकणार नाही. मुलगी बारावीत आहे, दोन वर्षांनी तिच्या शिक्षणाला पैसे लागतील, तेव्हा विकायचं मनात आहे. आता विकून पैसे हातात आले तर ते माझ्या हातून राहत नाहीत, मी मला ओळखते. सध्या तीन मुलांचं आणि देव्हाऱ्याचं सांगा ना कोणी!

---

सोसायटीचाहमाल
१३ जून, रात्री ८:३०

नऊ वर्षं सेक्रेटरी आहे, पगार शून्य, शिव्या भरपूर. त्यामुळे माझं ऐका.

बॅचलर चार्ज नावाची गोष्ट नियमांत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत घर भाड्याने दिलं की बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावायचं) लावता येतं, आणि त्याला ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने कमाल मर्यादा आहे, सेवा शुल्काच्या १० टक्के. पूर्ण बिलाच्या नव्हे, सेवा शुल्काच्या. मालमत्ता कर, पाणी, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीचा राखीव निधी) त्यात धरायचे नाहीत. तुमच्या ३,२०० मधलं सेवा शुल्क समजा २,००० असेल तर २०० रुपये. कुटुंब असो, बॅचलर असो, आकडा तोच. आई-वडील, मुलं, भावंडं राहत असतील तर तेही नाही.

एनओसीचंही तसंच. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना-नियम) पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांकडे केलेल्या नोंदीची प्रत द्यायची. ती नोंद ऑनलाइन होते, मालकानेच करायची, एजंटवर सोडू नका. पाच मिनिटांचं काम असतं आणि नेमकं तेच राहतं.

मात्र आधी एक तपासा. तुमचं तिथे सहकारी संस्था आहे की अपार्टमेंट? डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणारा दस्त) झालेलं अपार्टमेंट असेल तर कायदा वेगळा, १९७० चा, आणि मी म्हणतोय तो आदेश जसाच्या तसा लागत नाही. तिकडच्या नव्या स्कीममध्ये बिल्डरने परस्पर अपार्टमेंट करून टाकल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

संस्थाच असेल तर लेखी विचारा: '१,५०० रुपये कोणत्या उपविधीनुसार, कृपया ठरावाची प्रत द्यावी.' भांडू नका, फक्त प्रत मागा. उत्तर आलं नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था.

आता सेक्रेटरीची बाजूही ऐका. आमच्याकडे दोन पार्किंगच्या फ्लॅटला पाच दुचाकी आल्या, मे महिन्यात टँकर दिवसाला चार. लोक माझ्या दाराशी येतात, मालकाच्या नाही. मालक फोन उचलत नाही. म्हणून कमिट्या असले नियम काढतात. नियम चूकच, पण तुम्ही तुमचा नंबर वॉचमनकडे द्या आणि मुलांच्या गाड्यांचे नंबर करारातच लिहा. अर्धा विरोध तिथेच मावळतो.

---

अकरावंघर
१४ जून, दुपारी १२:२५

भाडेकरूंच्या बाजूने कोणी बोलणार आहे की नाही? मग मीच.

पुण्यात आलो २००८ ला. सध्याचं अकरावं घर. आधीच्या दहापैकी पाच मालकांनी डिपॉझिट पूर्ण दिलं, चौघांनी काही ना काही कापलं आणि एकाने चौदा महिने लटकवलं. एका ठिकाणी तीन वर्षं राहिलो, सोडताना ६०,००० मधून १८,००० रंगाचे कापले. भिंतीला दोन खिळे होते, दोन्ही त्यांच्याच वडिलांच्या फोटोचे. तीन वर्षांत भिंत मळणारच हो. राहिल्याची झीज आणि केलेलं नुकसान यात फरक असतो. रंग ही झीज. टाइलला तडा हे नुकसान, ते कापा, हरकत नाही. पण सहा वर्षं जुन्या भिंतीतल्या दोन टाइल्स फुटल्या म्हणून नव्या भिंतीचे पूर्ण पैसे त्या जोडप्याकडून घेणं बरोबर नाही.

आणि एक सुचवतो. देव्हारा काढायलाच कशाला हवा? काढलात की भोकं दिसणार. त्यांना विचारा, ठेवून जाल का. बंगळूरला तो नेण्यापेक्षा इथे ठेवणं त्यांनाही स्वस्त पडेल.

पुढच्या वेळी चावी देतानाच रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, सगळे नळ, सगळी बटणं, प्रत्येक भिंत, वीज मीटरचं रीडिंग. दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. सोडताना तोच व्हिडिओ उघडायचा. माझ्या आताच्या मालकीणबाईंनी गीझरवरचा ओरखडासुद्धा दाखवला होता, "हा आधीचा आहे हं, तुमच्या नावावर नको." असं म्हटल्यावर माणूस घर आपोआप जपतो.

---

कोर्टाचीपायरी
१४ जून, दुपारी ३:००

+१. व्हिडिओ हवाच. करारात भिंतीला ड्रिल मारण्याआधी मालकाला विचारावं अशी एक ओळही घाला. आणि महावितरणचं शेवटचं बिल भरल्याची पावती हातात आल्याशिवाय डिपॉझिटचा शेवटचा हप्ता सोडू नका. बिल मालकाच्या नावावर असतं, थकबाकी मीटरला चिकटते.

---

गच्चीवरची
१५ जून, सकाळी ११:१०

अवांतर: कर्वेनगरची इमारत १९९६ ची म्हणालात. खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली नाहीये ना? आमच्याकडे भाडेकरू असताना आली होती. न्हाणीचा ट्रॅप गेलेला. फोडायला दहा दिवस बाथरूम बंद, भाडेकरूला त्या महिन्याचं निम्मं भाडं सोडलं. आतल्या गळतीचा खर्च सोसायटी देत नाही, आपल्यालाच करावा लागतो. जुन्या फ्लॅटसाठी वर्षाला एक भाडं बाजूला काढून ठेवा.

---

तिसरामजला
३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:५०

मंडळी, उशिरा का होईना, वृत्तांत देते.

भावाला सगळा धागा पाठवला. त्याने एका रात्रीत वाचला आणि फोन करून म्हणाला, "मला माहीतच नव्हतं मी तुझा प्रॉब्लेम आहे." वकिलातीची अपॉइंटमेंट मिळून कुलमुखत्यारपत्र आलंय, हक्कसोडपत्राचा मसुदा वकिलांकडे आहे. तोवरचा कर्वेनगरचा करार आम्हा दोघांच्या नावाने केला, भावाच्या वतीने कुलमुखत्यार म्हणून मामेभावाची सही. हक्कसोडपत्र होईपर्यंत त्याच्या वाट्याचं कसं दाखवायचं ते सीएला विचारून घेतलं. फी ऐकून खडूसकाकांची आठवण आली.

नोंदणीला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन कर्वेनगरला आला. माझा अंगठा लागला, भाडेकरू दादांचा लागला, वहिनींचा काही केल्या लागेना. त्या पोळ्यांची ऑर्डर घेतात, रोजच्या शंभरेक. एजंट म्हणाला, रेषा पुसल्यात. हात धुऊन झाले, कोरडे करून झाले, बोटं बदलून झाली. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेने काम केलं. १८,००० आणि पुढच्या वर्षी १९,०००. वाढीबद्दल त्यांनी हू की चू केलं नाही. उलट दादा म्हणाले, लिहिलंय ते बरं झालं, आम्हालाही कळेना यंदा किती मागाल.

महापालिकेला सवलतीचं कळवलं. नवीन बिलाकडे मी अजून नीट पाहिलेलं नाही.

पुनावळ्याला संस्थाच निघाली. ठरावाची प्रत लेखी मागितली. तीन आठवडे काही नाही, मग ऑफिसातून फोन आला, "मॅडम, तुमच्यापुरतं राहू द्या." तुमच्यापुरतं म्हणजे काय ते विचारलं नाही. शुल्क १८० रुपये लागलंय.

देव्हाऱ्याचं अकरावंघर यांनी सुचवलं तसंच केलं. टाइलवाल्याने अख्ख्या भिंतीचे साडेनऊ हजार सांगितले होते. जोडप्याशी बोलले, डिपॉझिटमधून २,००० कापले, देव्हारा तिथेच राहिला. त्या मुलीने जाताना तो आतून-बाहेरून पुसून घेतला आणि समईखालचा तेलाचा डाग राख लावून घासला. सगळं मी उभी राहून पाहिलं आणि दोन हजार परत द्यावेत असं दोनदा मनात आलं. दिले नाहीत.

मुलं १५ जुलैला आली. रिकाम्या घराचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ चौघांच्या ग्रुपवर आहे. काल पहिलं भाडं आलं म्हणून सहज डोकावून आले. घर बरं ठेवलंय. देव्हाऱ्यात वायफायचा राऊटर ठेवलाय, दोन हिरवे दिवे लुकलुकतायत. शेजारी कोणाच्या तरी आईने दिलेली गणपतीची छोटी मूर्तीही आहे.

---

खडूसकाका
४ ऑगस्ट, सकाळी ६:१०

रेंज बेडरूमपर्यंत येते का तेवढं विचारून सांगा. आमच्या टीव्हीमागे ठेवला तर येत नाही.